समोरच्यांचा ससा

घोटीच्या आठवडे बाजारात ससे विकायला बसलेल्या पुंजाने तेजलला बजावून सांगितलं होतं, "ताई, याला गवत घाला. सुकं गवत, पोटभर. बाकी काय नाय दिलं तरी चालंल. लय लाड केलं ना, तर ससा मागून घाण होतो."

तेजलने हे ऐकून घेतलं आणि पुंजाच्या पाठीमागे उभ्या असलेल्या गवताच्या दोन गोण्यांकडे पाहिलं. बी.कॉम. फर्स्ट क्लासमध्ये पास झालेल्या बाईला याहून जास्त पुरावा लागत नाही. ज्याच्याकडे गोणी आहे तो गवतच सांगणार. तिने मान डोलावली, ससा पुठ्ठ्याच्या खोक्यात घेतला आणि गवताचा विषय मनातून काढून टाकला. तिच्याबरोबर आलेल्या वैष्णवीने मात्र त्याच सशाचा सख्खा भाऊ घेतला आणि वर घासाघीस न करता एक अख्खी गोणीही डिकीत टाकली. घोटी ते नाशिक सगळा रस्ता तेजलला वैष्णवीची दया येत होती. बँकेत नोकरी करते, रोज लोकांचे पैसे सांभाळते, आणि गवतवाल्याने फसवलं.

वैष्णवी म्हणजे समोरच्या फ्लॅटमधली. पाथर्डी फाट्याजवळच्या त्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर दोनच दारं, एकमेकांकडे तोंड करून. वैष्णवीबद्दल तेजलच्या मनात काहीही नव्हतं. हे ती स्वतःच सगळ्यांना सांगत असे, कोणी न विचारता. वैष्णवीच्या गॅलरीत सकाळचं ऊन यायचं आणि तेजलच्या गॅलरीत शेजारच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसायची, यात वैष्णवीचा काय दोष. वैष्णवीच्या कुंडीतली कोथिंबीर गुडघाभर वाढायची, तीच कोथिंबीर तेजलकडे दोन पानांवर यायची आणि विचारात पडायची. वैष्णवी संध्याकाळी साडेसहाला घरी यायची तेव्हा तिच्या ओढणीला एकही सुरकुती नसायची. दिवसभर घरात असलेल्या तेजलच्या ओढणीने तोवर वरण, खडू आणि पाच वर्षांच्या लेकीचं, वेदिकाचं, नाक, असं सगळं पाहिलेलं असायचं. असो. मनात काही नव्हतं.

सशाचं नाव वेदिकाने साबुदाणा ठेवलं, घरात साबू. समोरच्यांच्या सशाचं नाव ससा. वैष्णवीला नाव ठेवायलाही सवड झाली नव्हती. यावरूनच कोणाचा ससा जास्त सुखात राहणार हे उघड होतं, आणि तेजलने तसं नवऱ्याला बोलूनही दाखवलं.

मग साबूचं संगोपन सुरू झालं. फ्रीजच्या दारावर वेळापत्रक लागलं. सकाळी सोललेलं गाजर, कारण साल पचायला जड. अकरा वाजता दुधातलं ग्लुकोजचं बिस्कीट. दुपारी पोळीचा मऊ भाग. चार वाजता मूठभर बेदाणे. तेजलचं माहेर पिंपळगाव बसवंतचं, त्यामुळे घरात बेदाण्याचे डबे असे की मीठ संपेल पण बेदाणे संपणार नाहीत. साबू बेदाण्याचं डबडं वाजलं की मागच्या दोन पायांवर उभा राहायचा. तेजलने त्याचा व्हिडिओ काढून इमारतीतल्या बायकांच्या ग्रुपवर टाकला. वैष्णवीने खाली फक्त अंगठा दाखवला. जळते बिचारी, असं तेजलला वाटलं आणि तो दिवस फार चांगला गेला.

जुलैपर्यंत साबू पुढून ससा आणि मागून पायपुसणं झाला.

शेपटीखाली काहीतरी चिकट, काळपट साचायचं. पांढऱ्या केसांवर आधी पिवळी झाक आली, मग तपकिरी. पावसाळी माश्या त्याच्याभोवती घोंगावू लागल्या. तेजलने त्याला वेदिकाच्या शाम्पूने अंघोळ घातली. साबू असा थरथरला की तिने घाबरून त्याला केस वाळवायच्या यंत्रासमोर धरलं, आणि त्या आवाजाने तो कपाटाखाली जाऊन पाच तास बाहेर आला नाही. तीन दिवसांनी पुन्हा तसाच घाण. पुन्हा अंघोळ. इमारतीत सल्ल्यांना तोटा नव्हता. एकीने तांदळाचं पीठ भुरभुरायला सांगितलं. साबू घाण होता, आता घाण आणि चिकट झाला. तळमजल्यावरच्या कुसाबाई म्हणजे सगळ्या इमारतीच्या कुसाआजी. त्यांनी दृष्ट काढायला सांगितली. दृष्ट कोणाची लागली असेल याबद्दल तेजलला शंका नव्हती, ती दारासमोरच राहत होती.

आणि समोर? समोर वैष्णवीचा ससा सकाळच्या उन्हात बसून कान धूत असायचा. पिंजलेल्या कापसासारखा. इतका पांढरा की गॅलरीकडे बघताना डोळे बारीक करावे लागायचे. एकाच आईचे दोन लेक, एक कापूस आणि एक फडकं. वेदिका शाळेतून आली की थेट समोर जायची. एकदा तिने परत येऊन शांतपणे विचारलं, "आई, आपला ससा जुना झाला का?"

हे लागलं. त्या रात्री तेजलने नवऱ्याला सांगितलं की वैष्णवी सशाला गुपचूप कुठेतरी पार्लरला नेते. दीपक अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात होता आणि जगातल्या सगळ्या गोष्टी त्याला मालासारख्या दिसायच्या. तो म्हणाला, माल शेवटी खराब दिसला तरी चूक सुरुवातीला झालेली असते. तू मागच्या बाजूला पाणी ओतत बसलीस, पुढून काय भरतेस ते बघ. तेजल म्हणाली की तिचा ससा म्हणजे नटबोल्ट नाही.

पण शोध चालू झाला. आधी ती आमटीची वाटी घेऊन समोर गेली आणि हात धुण्याच्या निमित्ताने वैष्णवीच्या बाथरूममधल्या बाटल्या वाचून आली. सशाचं काही नव्हतं, वैष्णवीच्या मात्र दोन क्रीम अशा होत्या की त्या शोधाचं दुःख वेगळं झालं. मग कचरागाडी यायच्या वेळी वैष्णवीच्या बादलीत डोकावली. गवताच्या काड्या, बस. शेवटी मान खाली घालून तिने जिन्यात विचारलंच. वैष्णवी म्हणाली, "काही नाही गं, गवत खातो."

आता, कोणतीही गृहिणी वडीची कृती सांगताना सगळं सांगते आणि एक जिन्नस खाते, हे तेजलला लहानपणापासून माहीत होतं. तिची स्वतःची आई अळूवडीतली चिंच सुनेला अजून सांगत नव्हती. तेव्हा गवत खरं असेल, पण सोबत काहीतरी आहे जे वैष्णवी सांगत नाही, असा निष्कर्ष काढून ती साबूला घेऊन जनावरांच्या दवाखान्यात गेली.

तिथे केसपेपर काढणाऱ्या माणसाने आधी खोक्यात पाहिलं, मग कागदात पाहिलं. कागदावर गाय, म्हैस, बैल, शेळी, कोंबडी, कुत्रा आणि मांजर एवढेच प्रकार होते. सशाची सोय नव्हती. तेजलने 'इतर' असं काही आहे का विचारलं. 'इतर'ला वरून मंजुरी लागते, म्हणाला. तिच्या मागे एक बकरा, दोन कुत्री आणि घाईत असलेली एक कोंबडी उभी होती. त्याने जरा विचार करून, पाला खातो ना, असं स्वतःलाच विचारलं आणि 'शेळी'वर खूण केली. वय चार महिने. दूध : नाही.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि कंटाळलेल्या नव्हत्या, हे नशीब. त्यांनी साबूला उलटा धरून पाहिला आणि खायला काय देता ते विचारलं. तेजलने अभिमानाने वेळापत्रकच पुढे केलं. बाईंनी ते दोनदा वाचलं. मग समजावून सांगितलं की सशाचं पोट गवतावर चालतं. तो दोन तऱ्हेच्या लेंड्या टाकतो; कोरड्या गोल टाकून देतो, मऊ असतात त्या स्वतःच परत खातो, त्यातच त्याचं सत्त्व असतं. गोडधोड, पीठ, बिस्कीट गेलं की पोट बिघडतं, मऊ लेंडी पातळ होते, तो खात नाही, ती शेपटीला चिकटते, आणि मग माश्या. त्या ओल्या घाणीत अळ्या पडल्या तर दोन दिवसांत ससा जातो.

"अंघोळ घालू नका," बाई म्हणाल्या. "ससा स्वतःला स्वच्छ ठेवतो. आपण फक्त त्याचं पोट बिघडवायचं नाही. सुकं गवत कायम पुढ्यात, थोडा पाला, कोथिंबीर, मेथी. गाजर म्हणजे पेढा समजा. आणि कधी बारा तास काही खाल्लं नाही, लेंडी पडली नाही, तर वाट बघू नका. उचला आणि या."

म्हणजे वैष्णवीने एकही जिन्नस चोरला नव्हता. तेजलला त्याचाच जास्त राग आला. लबाड माणसावर जळणं सोपं असतं. खरं बोलणाऱ्यावर जळायचं म्हणजे सगळं काम आपल्यालाच करावं लागतं.

गवत आणायचं होतं, पण पुंजाचा नंबर वैष्णवीकडे होता. तो तिला महिन्याला गोणी पोचवायचा. नंबर मागणं म्हणजे हार मान्य करणं. तेजलने पिंपळगावला भावाला, संतोषला, फोन करून एक गोणी सुकं गवत पाठवायला सांगितलं. पण पिंपळगावच्या माणसाला गोणी हे माप कळत नाही. तिथे सगळं टेम्पोने मोजतात. शनिवारी सकाळी फाटकाशी टेम्पो उभा राहिला आणि ड्रायव्हरने दीड माणूस उंचीचं गवत पार्किंगमध्ये रचून, चहा पिऊन, निघूनही गेला.

सेक्रेटरी धावत आले. आग लागली तर, असं त्यांनी पहिल्या वाक्यात विचारलं, दुसऱ्यात नियमावली काढली. नियमावलीत चारा साठवायचा असेल तर जनावर पाळल्याचा दाखला जोडावा लागत होता. तेजलने दवाखान्याचा केसपेपर जोडला. दुपारी नोटीस बोर्डावर टाचणीने टोचलेला कागद असा : 'फ्लॅट ३०२ यांच्या शेळीकरिता पार्किंगच्या कोपऱ्यात चारा ठेवण्यास अटींवर परवानगी देण्यात येत आहे.'

ऑगस्ट महिना. परिसरात डेंग्यू होता आणि डेंग्यूवर शेळीचं दूध चालतं असं सगळ्या नाशिकला ठाऊक होतं. दोन दिवसांत अकरा माणसं पातेली घेऊन वर आली. एक जण मालेगावहून पाहुण्याच्या सांगण्यावरून आला होता. ससा आहे असं सांगितल्यावर त्याने साबूकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, थोडं तरी?

गवताच्या वासाने रस्त्यावरच्या दोन गाईही फाटकाशी येऊन बसू लागल्या. सेक्रेटरींनी वॉचमनला काठी देऊन त्यांना पार हायवेपर्यंत पिटाळलं. ही गोष्ट तेव्हा फार छोटी वाटली.

कारण साबू पालटला होता. बेदाणे बंद, बिस्कीट बंद. पहिले दोन दिवस तो गवताकडे पाठ करून बसला, तेजलने रडून दीपककडे पाहिलं, दीपकने डबा उचलून माळ्यावर ठेवला. तिसऱ्या दिवशी कुरकुर कुरकुर आवाज आला. पंधरवड्यात शेपटी कोरडी, लेंड्या वाटाण्यासारख्या गोल, अंग दुधासारखं. गॅलरीत ऊन नव्हतं म्हणून तेजल रोज दुपारी दोन तास पिंजरा खाली पार्किंगमध्ये, गवताशेजारी उन्हात ठेवायची. येणारी-जाणारी माणसं थांबून बघायची. कुसाआजी तर म्हणाल्या की आता तुझा उजळला, समोरचीचा जरा पिवळट दिसतो. तेजलने नाही हो आजी, असं म्हटलं आणि ते वाक्य दिवसभर मनात चोखत राहिली.

सप्टेंबरात एका मंगळवारी साबूने गवत खाल्लं नाही.

संध्याकाळी तो कोपऱ्यात अंग गोळा करून बसला होता, डोळे अर्धे मिटलेले. तिने कोथिंबीर नाकाशी धरली. त्याने तोंड फिरवलं. पिंजऱ्यात एकही लेंडी नव्हती. पोट ढोलकीसारखं. शेपटीखाली पुन्हा तेच काळं, चिकट. वेदिका बाजूला उभी होती आणि काही विचारत नव्हती. हे मूल कधी विचारायचं थांबत नाही. ते गप्प बसलेलं पाहून तेजलच्या पोटात खड्डा पडला.

आणि त्या खड्ड्यात पहिली कोण पडावी? वैष्णवी. तिचा पिवळट, माझा उजळ. सोमवारी बँकेला सुट्टी होती, दुपारभर ती घरी होती, पार्किंगमधून दोनदा गेलीही होती. तेजल साबूला छातीशी धरून समोरच्या दारात गेली.

"वैष्णवी, माझ्या सशाला तू काय घातलंस?"

वैष्णवी नुकतीच बँकेतून आली होती. तिने तेजलकडे पाहिलं, मग साबूच्या पोटावर हात ठेवला. तो हात तिने दोन क्षण तसाच ठेवला.

"चप्पल घाल," ती म्हणाली. "गाडीत बस."

दवाखाना बंद झाला होता. वैष्णवीने डॉक्टरीणबाईंना फोन लावला, कसा कोण जाणे पण तिच्याकडे त्यांचा नंबर होता (तिच्याकडे सगळ्यांचे नंबर असतात), आणि बाईंनी घरीच बोलावलं. त्यांनी इंजेक्शन दिलं, पोट हलक्या हाताने चोळलं. मग साबूच्या मिशा बोटाने पुसल्या आणि बोट नाकाशी नेलं.

"वेलदोडा," त्या म्हणाल्या. "याला खीर कोणी दिली?"

तेजलला तेव्हा वैष्णवीकडे बघवेना. वैष्णवीच्या घरी खीर करायला सवड कोणाला होती.

उत्तर दुसऱ्या दिवशी दुपारी स्वतः जिना चढून आलं. कुसाआजींच्या हातात केळीचं पान, त्यावर भात, वरण, उडदाचा वडा, अळूची भाजी आणि वाटीभर खीर. धापा टाकत म्हणाल्या, "तुझा ससा आज खाली नाही का गं? आज सासूबाईंचं पान, ते घेऊन उभी राहिले."

पितृपंधरवडा चालू होता. ज्या घरी ज्या तिथीला श्राद्ध, त्या घरी गाईचं पान निघणार. आणि गाई सेक्रेटरींनी हायवेपलीकडे हाकललेल्या. बायका पान घेऊन फाटकाशी ताटकळायच्या, मग कुसाआजींनीच तोड काढली. गवताच्या ढिगाशेजारी गवत खाणारं एक जनावर रोज दोन तास बसतं, आणि तेही कागदोपत्री. "बोर्डावर शेळी लिहिलंय," त्या म्हणाल्या. "शेळीपासून गाय किती लांब? सात घरांनी पान ठेवलं, बाई. आणि कावळ्यासारखे नखरे नाहीत, लगेच येतो. परवा माझ्या म्हाताऱ्याचं पान होतं, ह्यानं पहिल्या मिनिटात उष्टं केलं. जिवंतपणी कधी वेळेवर जेवला नाही गं तो."

त्यांचे डोळे भरले होते. खीर घालणाऱ्याला सुनवायची वाक्यं तेजल रात्रभर जुळवत होती, त्यातलं एकही निघेना. तिने एवढंच सांगितलं की सशाला खीर विष आहे, आजी. कुसाआजींनी पान खाली ठेवलं आणि साबूच्या पिंजऱ्यापुढे हात जोडले. मग जाऊन त्यांनी सेक्रेटरींना जे ऐकवलं त्यानंतर हायवेपलीकडच्या गाई सन्मानाने परत आल्या.

साबूला दर तीन तासांनी गवताची पेज सुईविना पिचकारीने पाजायची होती. तेजलने धरलं की तो दात घट्ट मिटायचा, पेज तिच्या ओढणीवर. चौथ्या खेपेला वैष्णवी आली, मांडीवर टॉवेल घेतला, साबूला त्यात गुंडाळला आणि पिचकारी दाताच्या बाजूने सरकवली. साबूने बोळक्या म्हाताऱ्यासारखं तोंड हलवत सगळं गिळलं. वैष्णवी म्हणाली की तुझे हात कापतात गं, त्याला कळतं. ती हे प्रेमाने म्हणाली. प्रेमाने म्हटलेल्या गोष्टीवर चिडता येत नाही, ही मोठीच गैरसोय.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की दुसरा ससा खाताना दिसला तर हा लवकर खायला लागेल. पिंजरे शेजारी ठेवा, एकत्र सोडू नका. तेव्हा साबूचा पिंजरा समोर गेला, सकाळच्या उन्हात. गुरुवारी पहाटे तेजल उठून दोन दारांच्या मधल्या जागेत उभी राहिली, कान लावून. आतून कुरकुर ऐकू आली. एका सशाची की दोघांची ते कळेना. तिने बेल वाजवली नाही, कारण वैष्णवी झोपेत असेल आणि झोपेतही तिच्या केसांचा विस्कोट झालेला नसेल. थोड्या वेळाने दार आतूनच उघडलं. वैष्णवीचे केस सगळे उभे होते. हातात दोन लेंड्या होत्या, कोरड्या, गोल. तिने त्या तेजलच्या तळहातावर ठेवल्या, देवाचा प्रसाद ठेवावा तशा, आणि जांभई देत आत गेली.

तेजल त्या दिवशी 'चुकलं माझं' असं म्हणणार होती. तिने बटाटेवडे नेऊन दिले. वैष्णवीने दोन खाल्ले आणि मीठ बरोबर आहे म्हणाली. झालं.

साबू अजून समोरच आहे. डॉक्टरीणबाईंनी आठवडाभर हलवू नका सांगितलंय. आणि तेजलला आजोबांच्या श्राद्धाला पिंपळगावला जावं लागलंय, वेदिकाला घेऊन, चार दिवस. दीपकला फोनवर विचारलं की तो म्हणतो, ओके आहे. क्वालिटीवाल्याच्या 'ओके'वर आईचं समाधान होत नसतं.

म्हणून हे वाचणाऱ्याला तिची विनंती आहे. पाथर्डी फाट्याकडे तुमचं काही काम निघालं तर तिसऱ्या मजल्यावर जाऊन या. ३०२ ला कुलूप असेल, दीपकची दुपारपाळी आहे. ३०१ ची बेल वाजवा, साडेसहानंतर. डावीकडच्या पिंजऱ्यातला साबू. पुढ्यात गवत आहे का बघा. शेपटीखालून हलकेच हात फिरवा, कोरडं लागलं पाहिजे. लेंड्या मोजल्या तर उत्तमच. मग एकदा साबू म्हणून हाक मारा, आणि त्याने कान कुणाकडे वळवले ते नीट पाहून ठेवा. वैष्णवीकडे वळवले असतील, तर तेजलला फोनवर फक्त एवढंच सांगा की तो व्यवस्थित जेवतो.